बसऱ्याचा बलम

आमचा यासीन, माझा धाकटा भाऊ, आता तीन नातवंडांचा आजोबा आहे, आणि एकदा बोलायला लागला की समोरच्याचा चहा थंड होतो तरी याचं वाक्य संपत नाही. लग्न असो, मयत असो, मशिदीच्या दुरुस्तीची बैठक असो, हा उभा राहिला की माणसं हळूच चपला शोधायला लागतात. ‘ह्यांच्या तोंडाला झाकण नाही’ असं त्याची बायको म्हणते तेव्हा मी मनातल्या मनात हसते. हे तोंड एकदाचं उघडावं म्हणून आमच्या घरानं काय काय केलं होतं ते आता एकट्या मलाच ठाऊक आहे. यासीन म्हणतो, माझा पहिला शब्द ‘बाबा’. सगळ्यांचा असतो तसा. मी त्याला कधी खोडून काढलं नाही, कारण तेव्हा तो अडीच वर्षांचा होता, त्याला काय आठवणार? पण आता माझ्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय, तेव्हा खरं काय ते लिहून टाकते. वाचून त्याला राग आला तर तोही तो बोलूनच काढील.

कुवेतला आम्ही शर्क नावाच्या मोहल्ल्यात राहत होतो, समुद्राच्या अगदी जवळ. आज तिथं काचेच्या इमारती आहेत, माझा नातू तिथल्याच एका इमारतीत कामाला आहे, आणि फोनवरून मला खिडकीतला समुद्र दाखवतो. समुद्र तेवढा ओळखीचा वाटतो. आमच्या वेळी तिथं मातीच्या भिंतींची, मधे अंगण असलेली बुटकी घरं होती. अंगणाच्या तीन बाजूंना घरमालकीण उम्म जासिम आणि तिचा गोतावळा, चौथ्या बाजूच्या दोन खोल्यांत आम्ही. सकाळी बंदरावर मासळीचा लिलाव सुरू झाला की त्याचा कालवा भिंतीवरून थेट आमच्या चुलीपर्यंत यायचा, आणि मां त्या आवाजावरून आज सुरमई आली की नाही ते ओळखायची. बाबा एका अरबी व्यापाऱ्याच्या दुकानात होते. गलबतांना लागणारे दोरखंड, शिडाचं कापड, डांबर, खिळे असला सगळा माल. व्यापारी अरब असला तरी आमच्या घरात तो ‘शेठ’च होता. बाबा संध्याकाळी घरी आले की अंगाला डांबराचा वास यायचा, आणि तो वास मला अजून आवडतो. रस्त्याचं काम चाललं असलं की मी उगाच तिथं रेंगाळते.

मां दाभोळच्या खाडीकाठची. तिचं माहेर खाडीच्या अशा वळणावर होतं की भरतीला परसातल्या माडाच्या मुळांशी पाणी लागायचं. कुवेतला आल्यावर तिला सगळ्यात जड गेलं ते पाणी. ती पहिल्यांदा उतरली तेव्हा प्यायचं पाणी इराकातल्या बसऱ्याहून गलबतांत भरून येई आणि गाढवावर लादून दारोदार विकलं जाई. पुढं समुद्राचंच पाणी उकळून गोडं करायचा कारखाना निघाला. त्या पाण्याला चव नाही म्हणून मां कुरकुरायची. ‘पाणी नाय ते, पाण्याचा मुडदा हाय,’ असं ती म्हणायची, आणि बसऱ्याच्या पाण्याची आठवण काढायची. जिथून ते येतं तो गाव तिनं पाहिलाही नव्हता.

मां आणि उम्म जासिम यांचं मैत्र म्हणजे एक गंमतच होती. मांला अरबी येत नव्हतं, उम्म जासिमला आमची बोली येत नव्हती, आणि दोघी दिवसभर बोलत असायच्या. याचं रहस्य असं की कुवेतच्या अरबीत हिंदुस्तानातून गलबतांबरोबर गेलेले शब्द ठासून भरलेले होते. उम्म जासिम रस्ता दाखवताना ‘सीदा’ म्हणायची. बटाट्याला आलू, बुटाला जूती, विजेच्या पंख्याला बंका, हातातल्या बॅटरीला बिजली. असा एखादा शब्द सापडला की मांला वाटेत पडलेलं नाणं सापडल्यासारखा आनंद व्हायचा. हळूहळू तिनं त्यातून एक नियमच काढला, की अरबी ही काही वेगळी भाषा नाही, ती आपलीच आहे, जरा घसा खरवडून बोलतात एवढंच. ओळखीचा शब्द कानावर आला की त्याचा अर्थ ओळखीचाच असणार, याबद्दल तिला तिळमात्र शंका उरली नव्हती. हे ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

दुसरी ध्यानात ठेवायची गोष्ट म्हणजे बाबांचा रेडिओ. शेठनं जुना झाला म्हणून दिलेला, पण बाबा त्याला लग्नातल्या नवरदेवासारखा पुसायचे. संध्याकाळी हिंदी गाणी लागत. त्या गाण्यांत साजन चालायचा, पिया चालायचा, पण ‘बलम’ आला की मां उठून आवाज बारीक करायची. अर्थ तोच, प्रियकर नाहीतर नवरा, पण का कोण जाणे, तो शब्द तिला फार उघडा वाटायचा. नवऱ्याचं नाव न घेणारी बाई ती. बाबांना ती माझ्या नावानं ‘जुलेखाचे बाबा’ म्हणायची, तेही घरात. बाहेर नुसतं ‘ऐकलव काय?’ बाबा खट्याळ होते. आवाज बारीक झाला की ते पुढची ओळ स्वतःच गुणगुणायचे, आणि मां लाटणं आपटायची.

यासीन त्या घरात जन्मला. दोन वर्षांचा झाला, बोलेना. ऐकायचा सगळं, हाक मारली की वळून बघायचा, हसायचा, हवं ते बोटानं दाखवायचा. तोंडातून मात्र शब्द नाही. मांनं गावाहून वेखंड मागवलं आणि मधात उगाळून त्याच्या जिभेला लावलं. उम्म जासिमनं मशिदीची भली मोठी किल्ली आणून त्याच्या ओठांत फिरवली. यासीननं ती चोखली आणि परत देईना. दवाखान्यातल्या डॉक्टरनं कानात बघितलं, टाळी वाजवली, आणि वाट पाहा म्हणून सांगितलं. वाट पाहणं हे मांच्या रक्तात नव्हतं. तिनं ठरवलं की पोराच्या कानात चार भाषा एकदम गेल्यात आणि दारातच त्यांची चेंगराचेंगरी झालीय. घरात आपली बोली, अंगणात अरबी, रेडिओत हिंदी, शेजारच्या गल्लीतल्या केरळी बाईची चौथीच. मग घरात फर्मान निघालं: यासीनसमोर कुणी दुसऱ्या भाषेत बोलायचं नाही. उम्म जासिमला तर खुणेनंच बोलायला लागायचं. रेडिओवर मांनं भरतकाम केलेलं फडकं टाकलं आणि ते कुणी उचललं नाही. इतकं बोलकं आमचं घर, ते असं मुकं झालं.

त्यानंही फरक पडेना, तेव्हा मांनं शेवटचं सांगितलं. खजुराचा हंगाम सरला की जी बोट मुंबईला जाईल, तिनं ती आम्हा दोघांना घेऊन गावी जाणार. तिथं एकच भाषा, पोर बोलेल. आणि बाबा? बाबा इथं राहतील, चार माणसांत खोली करून. किती दिवस, ते तिनं सांगितलं नाही, बाबांनी विचारलं नाही. मी नऊ-दहा वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. गल्लीतल्या किती घरांतले बाप असेच खोल्यांतून राहत होते, आणि त्यांच्या मुलांना ते मनीऑर्डरसारखे अधूनमधून यायचे. मी यासीनला कोपऱ्यात घेऊन बसायची आणि त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणायची, बाबा म्हण. बा-बा. तो माझ्या नाकाला हात लावायचा आणि खुदकन हसायचा. मला रडू यायचं.

शेठच्या बसऱ्याला खजुराच्या बागा होत्या. हंगामात तिकडं दोरखंड आणि गोणपाट पोचवायचं होतं, गाडी जाणार होती, तेव्हा बाबा मांला म्हणाले, ‘जातेच आहेस, तर जायच्या आधी गोडं पाणी बघून जा. तिथं खाडी हाय. गल्लीगल्लीतून खाडी.’ मांला वाटलं, हे आपलं मन राखायला काहीतरी सांगतायत. पण ती निघाली.

पहाटे शेठच्या ‘वॅनेट’मध्ये, म्हणजे मागं माल टाकायच्या मोटारीत, आम्ही बसलो. पुढं ड्रायव्हर, बाबा, मां आणि मांच्या मांडीवर यासीन. मी मागं गोणपाटावर, आणि तो माझ्या आयुष्यातला सर्वांत श्रीमंत प्रवास होता. मांनं तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, घावन आणि यासीनसाठी दुधाच्या पावडरीचा डबा घेतला होता. जहरा गाव मागं पडलं की रस्ता संपला. पुढं नुसत्या आधी गेलेल्या गाड्यांच्या चाकांच्या खुणा. यासीननं वाटेत दोनदा ओकारी केली, एकदा मांच्या डोक्यावरून घ्यायच्या काळ्या अबायावर आणि एकदा ड्रायव्हरच्या जूतीत, आणि दोन्ही वेळा प्रसन्न हसला. ऊन चढल्यावर लांबवर पाणी चमकायला लागलं. मां म्हणाली, पाणी. बाबा म्हणाले, ते पाणी नव्हे, उन्हाची फसवणूक आहे. असं तीन-चारदा झालं. त्यामुळं खरोखरच खजुरांची हिरवी रेघ आली आणि तिच्या पायाशी पाणी लकाकलं, तेव्हा मांनं तिकडं बघायचंच नाकारलं. ‘आता मना फसवू नका,’ म्हणाली, आणि तोंड फिरवून बसली.

मग गाडी एका पुलाशी थांबली आणि तिला बघावंच लागलं. रस्ता असावा तिथं पाणी होतं. दोन्ही काठांना उंच उंच घरं, त्यांच्या लाकडी जाळीदार खिडक्या पाण्यावर वाकलेल्या, जणू बायका ओसरीवरून खाली कोण आलं ते बघतायत. पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. पुलावरून पोरं धबाधबा उड्या टाकत होती. मां उतरली, यासीनला कमरेवर घेतलं आणि काठाशी जाऊन एकदम खाली वाकून पायरीकडे बघायला लागली. पायरीवर ओलीची रेघ होती. ‘सुकती लागलीय,’ ती म्हणाली. आमच्याकडे ओहोटीला सुकती म्हणतात. ‘ही खाडीच हाय.’ मग तिनं बोट बुडवून जिभेला लावलं आणि बाबांकडे वळून असं पाहिलं की जणू बाबांनीच ते पाणी केलं होतं. ‘गोडी हाय. गोड्या पाण्याला भरती-सुकती? असं कुठं असतं?’ बाबांनी खांदे उडवले, पण त्यांचा चेहरा किती फुलला होता.

नेमकं तेव्हाच ते झालं. पायऱ्यांशी लांबट होड्या ओळीनं लागल्या होत्या, दोन्ही टोकं वर वळलेल्या, आत गाद्या टाकलेल्या. होडीवाले गिऱ्हाईक बोलावत होते. त्यातला एक मिशाळ, पोट सुटलेला माणूस उभा राहिला, मांकडे बघून त्यानं छातीवर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाला, ‘बलम! बलम!’

मां जागच्या जागी थिजली. अबाया तिनं डोळ्यांपर्यंत ओढला. मग तिनं जे कधी केलं नव्हतं ते केलं, भर रस्त्यात बाबांच्या सदऱ्याची बाही धरली. ‘ऐकलव काय? तो मेला मना बघून काय बोलतो?’

‘काय बोलतो?’ बाबा म्हणाले. त्यांचं लक्ष सामानाकडं होतं.

आता आली पंचाईत. मां तो शब्द उच्चारणार कसा? ‘मी नाय बोलायची,’ ती म्हणाली. तोवर मिशाळ पुन्हा ओरडला, त्याच्या शेजारचाही ओरडला, आणि बघता बघता काठावरचे सगळे बाप्ये माझ्या आईकडे बघून ‘बलम, बलम’ करू लागले. मांनं मला पुढं ढकललं, तूच सांग म्हणून. मी सांगितलं, ‘बाबा, ते सगळे मांला बलम म्हणतायत.’

 बाबा तिथंच पायरीवर बसले आणि इतके हसले की टोपी पाण्यात पडता पडता मी धरली. मांचा संताप संताप झाला; परका माणूस बायकोची छेड काढतो आणि नवरा हसतो, यापुढं काय राहिलं? बाबांनी कसंबसं दम घेऊन सांगितलं की इथं त्या होडीलाच बलम म्हणतात, तो बिचारा होडी हवी का विचारतोय. मांचा विश्वास बसेना. ‘सीदा म्हणजे सीधा,’ ती बोटांवर मोजत म्हणाली, ‘बंका म्हणजे पंखा, जूती म्हणजे जूती, आनी हा शब्द तेवढा होडी? मना शिकवू नका.’ शेवटी बाबांनी त्या मिशाळालाच विचारलं. त्याचं नाव अबू सबाह. त्यानं होडीच्या काठावर थाप मारली, ‘बलम’ म्हणाला, आणि मांला ‘युम्मा’ म्हणून हात जोडल्यासारखं केलं. युम्मा म्हणजे आई. तेव्हा कुठं मां होडीत पाय ठेवायला तयार झाली. बसताना मात्र तिनं त्याच्याकडं पाठ केली.

ती दुपार मला अजून स्वच्छ दिसते. अबू सबाह लांब काठीनं होडी ढकलत होता. घरं मागं पडली आणि दोन्ही बाजूंनी खजुरी आल्या, पाण्यावर वाकलेल्या, घोसांनी लगडलेल्या. बायका पायऱ्यांवर भांडी घासत होत्या, त्या यासीनला बघून हात हलवायच्या. सगळीकडून आवाज येत होते, अरबी, फारसी, कुठल्याशा खिडकीतून कुणी गातही होतं. मांचं फर्मान कुणाच्या गावी नव्हतं आणि ते तिलाही आठवेना. तिचं तोंडच सुटलं होतं. यासीनचा हात पाण्यात धरून ती त्याला सांगत होती, हे बघ पाणी, हा बघ बगळा, ती बघ होडी, तुझ्या मामाची असते ना तशी होडी. तिचा आवाज माहेरच्या अंगणातला झाला होता. बाबा समोर बसून तिच्याकडं बघत होते. मला तेव्हा वाटलं, बाबा आत्ताच आम्हाला निरोप देतायत. यासीननं मात्र या गडबडीत एक बूट काढून शांतपणे पाण्यात सोडून दिला.

परत आलो तेव्हा पाणी चढायला लागलं होतं. होडी पायरीला लागली, आणि बाबा मांला हात द्यायला म्हणून आधी उतरले. त्यांचं वजन गेलं तशी होडी हलकी होऊन काठापासून हातभर सरकली. बाबा काठावर, आम्ही पाण्यात, मधे ते तपकिरी पाणी. यासीननं बाबांकडं पाहिलं, पाण्याकडं पाहिलं. त्याचा खालचा ओठ पुढं आला. मग त्यानं दोन्ही हात बाबांकडं पसरले आणि खणखणीत आवाजात ओरडला,

‘बलम!’

काठावरच्या होडीवाल्यांना वाटलं, कुणी होडी बोलावतंय. चार-पाच जणांनी एकदम ‘बलम, बलम’ म्हणून ओ दिली. यासीनला ते फारच आवडलं. ‘बलम!’ तो परत ओरडला, बाबांकडंच बघत, ‘बलम!’ बाबा बुटांसकट पाण्यात उतरले. गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी त्याला छातीशी घेतलं, आणि तो त्यांच्या कानात तोच शब्द ओतत राहिला. मां रडत होती, हसत होती, अबाया घसरून खांद्यावर आला होता त्याची तिला शुद्ध नव्हती. अबू सबाहला जेव्हा कळलं की पोर जन्मात पहिल्यांदा बोललंय, तेव्हा त्यानं काठी टाकून दिली आणि काठावर जाऊन सगळ्यांना सांगितलं. कुणीतरी खजुरांचा घोस आणून आमच्या मांडीवर ठेवला.

मग वाद सुरू झाला, पोर बोललं ते कुठल्या भाषेत? अबू सबाह म्हणाला, अरबी. बाबा म्हणाले, छे, तो रेडिओतला शब्द आहे, फडक्याखालून त्यानं जपून ठेवला. मां म्हणाली, ‘होडीत मी त्याच्याशी आपल्या भाषेत बोललंय, त्यानंच त्याची जीभ सुटली.’ मी म्हटलं, तो बाबांना हाक मारत होता.

संध्याकाळी शेठच्या बागेत उतरलो. राखणदाराच्या बायकोनं विस्तवावर भाजलेला नदीतला मासा आणि भात पाठवला. उजेड अजून होता. मां काटे काढून यासीनला भरवत होती, आणि तो प्रत्येक घासाला बाबांकडं बोट करून आपला शब्द म्हणत होता.  बाबांनी माशाकडं बघत, अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘मग बोटीचं कसं करायचं?’

मां काटे काढत राहिली. तिनं वर पाहिलं नाही. पण तिच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं, ते मला बाजूनं दिसलं.

‘ह्याला गावाला नेऊन काय करू?’ ती म्हणाली. ‘तिथं बलम कुठं गावायचा?’

दुपारी जो शब्द तिच्या जिभेवर चढेना, तो ती सरळ बोलली. बाबांना लगेच कळलं नाही. ते सांगायला लागले, की गावाला होड्या काय कमी आहेत, दाभोळला तर — आणि मधेच थांबले. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. कानांच्या पाळ्यांपर्यंत ते लाल झाले. एवढी वर्षं खट्याळपणा करणारा माणूस, तो मान खाली घालून ताटातले काटे गोळा करायला लागला. मला इतका आनंद झाला की मी उठून बागेत पळत सुटले आणि दिसेल त्या खजुरीला मिठी मारत गेले, हात खरचटले तरी.

घरी आलो. मांनं रेडिओवरचं फडकं उचललं, झटकलं आणि घडी करून ठेवून दिलं. उम्म जासिम बिचारी इतके दिवस तोंडात कोंडलेलं सगळं यासीनच्या कानात ओतायला मोकळी झाली. बोट हंगामानंतर आली आणि आमच्याशिवाय गेली. वर्षभरात यासीन चारही भाषा बोलायला लागला, बहुतेक वेळा एकाच वाक्यात. चारही भाषांत बाबा मात्र बलमच होते, तो शाळेत जाईपर्यंत.

आणि मांची सोय झाली. भाकरी तव्यावरून उतरायच्या वेळी बाबा अंगणात कुणाशी तरी गप्पा मारत असायचे. ‘जुलेखाचे बाबा’ म्हणून हाक मारणं तिनं सोडूनच दिलं. ती यासीनला दाराशी उभं करायची आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, ‘जा रे, तुझ्या बलमाला सांग, जेवण वाढलंय.’